स्वयंपाकाला जाणारी चोच

आमच्या गल्लीच्या तोंडाशी वेल्डरमामांचं दुकान आहे. फाटकं, खिडक्यांचे गज, खुर्च्यांचे पाय, मोडलेलं सगळं मामा जोडून देतात. जोडलेलं पुन्हा तुटलं तर चूक वस्तूची असते, मामांची नसते. गिऱ्हाईक नसलं की मात्र त्यांचे हात शिवशिवतात. मग नरसाळ्याचा कोंबडा होतो, गंजक्या कुलपांचं कासव होतं. तिथं नेलेली वस्तू वस्तूच राहून परत येईल याची हमी नाही. मी बादली कडी बसवायला नेली, तेव्हा काम होईपर्यंत तिच्याजवळून हललो नाही.

मागे त्यांनी बगळा केला. पोटाला गळकी झारी, पायांना सळया, मानेला सायकलचं हँडल आणि पंखांना बिजागऱ्या. पाण्याच्या काठी बगळा जसा सारं जग विसरून उभा राहतो, तसाच तो दुकानातल्या फरशीकडे बघत उभा होता. फक्त चोच जमेना. मामांना घास गोड लागेना. असंच एकदा जेवता जेवता त्यांची नजर मामींच्या हातातल्या सांडशीवर गेली आणि तिथंच राहिली.

पुढचं काय सांगायचं? दुसऱ्या दिवशी मामींनी दुधाचं पातेलं फडक्यानं उतरवलं, बोटं पोळून घेतली आणि तडक दुकान गाठलं. त्यांची सांडशी तारेनं बांधून बगळ्याच्या तोंडात बसवलेली होती.

नेमक्या तेव्हाच समोरच्या वाचनालयाच्या बाई तिथं आल्या होत्या. हा बगळा वाचनालयाच्या दारात हवा, असं त्या म्हणत होत्या. मामांच्या हातचं काही कुणी आपणहून मागावं, हे आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. मामा कानापर्यंत लाल झाले होते. मामींना पाहिलं आणि पांढरे पडले.

चारचौघांत आवाज चढवणं मामींच्या स्वभावात नाही. त्यांनी शांतपणे तार सोडली. बगळा कुठंही जाऊ दे, पण आपल्या आईची सांडशी घरीच राहील, एवढं बोलून त्या निघाल्या.

मामांनी मामींसाठी नव्या सांडश्या आणून पाहिल्या. एक निसटायची, एकीचे दांडे तापायचे, आणि एक म्हणे भांड्यांना चावायची. शेवटी ती चावरीच त्यांनी बगळ्याला लावली. बघायला मामीही आल्या. नवी कवळी बसवून फोटोला उभ्या राहिलेल्या माणसासारखा बगळा दिसत होता.

"शोभत नाही हो," मामी म्हणाल्या. "आईच्या हातानं तिला बाक आलाय. तो विकत कुठं मिळायचा?"

"मी बाकच तर बघितला होता," मामा पुटपुटले.

"मग विचारायचं होतं."

"दिली असतीस?"

"नसती दिली," असं म्हणून मामींनी तोंड फिरवलं, कारण त्यांना हसू आलं होतं.

त्या संध्याकाळी, जन्मभर पक्कं जोडत आलेल्या माणसानं पहिल्यांदा सुटणारा जोड केला. एक बोल्ट, आणि हातानं फिरेल अशी चाकी.

आता बगळा वाचनालयाच्या दारात असतो. स्वयंपाकाची वेळ झाली की मामी रस्ता ओलांडून येतात, चाकी फिरवतात आणि चोच घेऊन जातात. ते पाहिलं की आत बसलेले आम्ही वाचक पेपरची घडी घालून उठतो. आपापल्या घरीही चूल पेटली असणार, आणि उशिरा पोचलो तर आमचीही चोच बंद होईल, हे आम्हाला कळतं.

मध्यंतरी घाईत मामींनी चोच न पुसताच परत लावली. टोकाला साय होती. वाचनालयाच्या बाई चष्म्यावरून बघत मामांना म्हणाल्या, "तुमचा बगळा कुठंतरी दूध पिऊन येतो."

मामांनी मान ताठ केली.

"पिऊ द्या की. इथं त्याला मासे कुठून मिळणार?"