क्लासच्या मॅडम

डॉ. मालन रोकडे विठ्ठलवाडीच्या चाळीत वाढल्या. शेजारच्या जगनला फिट आली की बायका त्याच्या नाकाला चप्पल लावत. शाळेनं त्याचं नाव काढून टाकलं, तेव्हा कुणीही भांडायला गेलं नाही. मालनबाई डॉक्टर झाल्या, मुलांच्या फिट्सचंच पुढचं शिक्षण घेतलं आणि टेंभी नाक्याजवळ दवाखाना टाकला. पाटीवर ‘अपस्मार’ हा शब्द होता. त्या पाटीखालून आत शिरताना कुणी पाहील, या भीतीनं आया फिरकतच नसत. शेवटी बाईंनी तो शब्द काढला आणि नुसतं ‘बालरोगतज्ज्ञ’ ठेवलं, तेव्हा कुठे पेशंट येऊ लागले. मुलं बरी होत होती, म्हणून त्यांनी हे गिळलं.

शिवानी आठवीत असताना आली. सकाळी तिच्या हातांना झटके यायचे, चहाचा कप उडायचा. एकदा शाळेत प्रार्थनेलाच ती कोसळली. बाईंनी तिच्या आईला, मंजुळाबाईंना, नीट समजावलं की हा प्रकार गोळीनं दबतो, पण गोळी सोडली किंवा जागरण झालं की परत येतो. आई रोज हातावर गोळी ठेवायची, शिवानी घ्यायची. ती बी.कॉम. झाली, नोकरीला लागली. फिट पुन्हा आली नाही.

मग घोडबंदर रोडच्या टॉवरमधलं स्थळ आलं. लग्नानंतर गोळी बंद करता येईल का, हे विचारायला मंजुळाबाई एकट्याच आल्या. बाईंनी साफ नाही म्हटलं. मुलाकडच्यांना आधी सांगा, फिट येते एवढ्यावर लग्न रद्द होत नाही, कायद्यातून ते कारण केव्हाच गेलंय, असंही सांगितलं.

“कायद्यानं नांदवतात का हो कुणी?” मंजुळाबाई म्हणाल्या.

लग्नाच्या हॉलमध्ये त्यांनी व्याह्यांशी बाईंची ओळख करून दिली, “या शिवानीच्या क्लासच्या मॅडम.” पेशंटचं गुपित फोडायचा बाईंना अधिकार नव्हता. त्यांनी हात जोडले, जेवल्या आणि निघाल्या.

सासूच्या नजरेला गोळ्या पडू देऊ नकोस, असं आईनं बजावलेलं. शिवानीनं त्या बंदच केल्या. नवरात्रात जागरणं झाली आणि एका सकाळी दुधाचं पातेलं उतरवताना तिच्या हाताला झटका आला. उकळतं दूध अंगावर सांडलं, ती तिथेच ओट्याखाली पडली. मानेपासून कोपरापर्यंत भाजली. हॉस्पिटलमध्ये सगळं उघड झालं. सासरच्यांनी तिला परत नेलं नाही.

तिचा नवरा संदेश दवाखान्यात आला. आवाज न चढवता म्हणाला, “तुम्ही आमच्या लग्नात जेवलात आणि गप्प राहिलात.” मंजुळाबाईंनीही फोन करून सगळा दोष बाईंच्या गोळ्यांवरच ढकलला.

काही आठवड्यांनी शिवानी आली. बाईंनी सवयीनं विचारलं, “आई कुठंय?”

“नाही आणलं तिला. मॅडम, तुम्ही सगळं आईलाच सांगायचात. गोळी सोडली की काय होतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला वाटलेलं, मी बरी झालेय.”

मुलगी नोकरीला लागली तरी समोर बसायची, आणि बाई मात्र तिच्या शेजारी बसलेल्या आईकडे बघून बोलायच्या. इतकी वर्षं हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी सगळं तिला सांगितलं आणि गोळी पुन्हा सुरू केली.

आता मोठ्या मुलामुलींशी बोलताना त्या आईला बाहेर बसवतात. आयांना ते रुचत नाही. काही जणी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्या.

मागच्या महिन्यात मंजुळाबाईंचा फोन आला. घटस्फोट झाला होता, नवीन स्थळ बघत होत्या. रोज गोळी नको, महिन्यातून एकदा गुपचूप घेता येईल असं इंजेक्शन निघालंय का, हे त्यांना विचारायचं होतं.

नाही निघालं, असं सांगून बाईंनी विचारलं की लग्न करायचंय का, हे शिवानीला विचारलंत का.

मंजुळाबाईंनी फोन ठेवला.