शोभाताईंची बॅच शीट

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही, आणि ज्या एका माणसाला सांगायलाच हवं होतं, त्यांना तर नाहीच. सांगायला बसलो की मी भलतंच काहीतरी सांगू लागतो — तांत्रिक, लांबलचक, समोरच्याला जांभई येईल असं. आत्ताही तसंच होईल. तुमच्या लक्षात येईलच.

दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. मी बदलापुरात, बेलवलीला राहायचो. दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात मुक्त सॉफ्टवेअर — म्हणजे ज्याचा कोड कुणीही वाचावा, बदलावा, फुकट वाटावा असं. ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांना एकाच सर्व्हरवरच्या फाइली वापरता याव्यात, यासाठीचं एक सॉफ्टवेअर होतं. ते लिहिलं जगभरच्या हुशार माणसांनी. मी फक्त त्याचं पॅकेज बांधायचो. दुसऱ्याने रांधलेलं डब्यात भरायचं आणि झाकण नीट लावायचं. पण डबा माझ्या नावाने जायचा.

नावाची गंमत असते. एका मंडळाने माझा सत्कार केला. अध्यक्षांना मी काय करतो ते कळलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी 'हे इंटरनेट बनवतात' असं सांगून टाकलं आणि पुढे चाळीस मिनिटं ते स्वतःबद्दल बोलले. मी मनातल्या मनात हसलो. पण शाल घरी आणून कपाटात वरच ठेवली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. ती शाल मला किती हवी होती, हे तेव्हा विचारलं असतं तर मी खोटं बोललो असतो. नंतर बोललोच.

उल्हासनगरात लछूभाईंचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. अंबरनाथ एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांना ते जुनी मशीन बसवून द्यायचे, आणि त्यांवर माझं पॅकेज. गिऱ्हाइकासमोर दाखवताना फाइल हळू उघडली की ते कासावीस व्हायचे. "अरे साईं, स्पीड दिखाओ! गाडी बेचनी है, बैलगाडी नहीं." मी स्पीड दाखवला. कसा? एकाने उघडलेली फाइल दुसऱ्याने उघडली, तर 'ही वापरात आहे, फक्त वाचता येईल' असा इशारा येतो. त्यामागे एक कुलूप असतं. जुन्या मशीनवर ते कुलूप वेळ खायचं. मी ते बंद केलं. दाखवण्यापुरतं. पुन्हा चालू करायचं विसरलो, आणि तसंच पॅकेज बांधून सगळीकडे पाठवलं.

विसरलो — हा माझा गुन्हा नाही. असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत असे, आणि ते खरंही आहे. गुन्हा पुढे आहे.

शोभाताई आमच्या मागच्या इमारतीत राहायच्या. एमएस्सी, आणि लछूभाईंनी मशीन दिलेल्या एका केमिकल कारखान्यात केमिस्ट. रोज सकाळी त्या बॅच शीट भरायच्या — रिअ‍ॅक्टरमध्ये म्हणजे रसायनं मिसळायच्या बंद टाकीत कुठला माल किती टाकायचा, किती वेगाने, किती तापमानाला. दुसऱ्या शिफ्टचा ऑपरेटर तीच शीट छापून घ्यायचा आणि तसं काम करायचा. एका रविवारी त्या एक वही घेऊन घरी आल्या. तीन वेळा असं झालं होतं, की सकाळी बदललेले आकडे दुपारी पुन्हा जुनेच. तिन्ही वेळा त्यांच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. वहीत वेळा लिहिल्या होत्या, मिनिटासकट.

"ताई, सेव्ह करायचं राहिलं असेल," मी म्हणालो.

"मिलिंद, मी अडाणी आहे का रे?" त्या हसत म्हणाल्या. "बघ बाबा जरा. आमच्याकडे आकडा चुकला तर भाजी खारट होत नाही, माणूस भाजतो."

त्या गेल्यावर मी पाहिलं. दहा मिनिटं लागली. सेटिंगच्या फाइलमधली एक ओळ, माझीच. स्टोअरचा कारकून सकाळी तीच शीट उघडून माल नोंदवत बसायचा. मधे शोभाताई आकडे बदलून सेव्ह करायच्या. मग कारकून आपली प्रत सेव्ह करायचा, आणि ताईंचे आकडे पुसले जायचे. इशारा कुणालाच नाही.

आता मी काय करायला हवं होतं? तुम्हालाही माहीत आहे. कारखान्याला फोन, आणि सगळ्यांना पत्र — माझी चूक झाली, लगेच बदला. पण त्याच महिन्यात त्या सॉफ्टवेअरच्या मुख्य चमूत माझं नाव घ्यायचं चाललं होतं. ज्यांच्या कोडचे मी डबे भरत होतो, त्यांच्या पंगतीत बसायला मिळणार होतं. मी ठरवलं, पुढच्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्त करू. प्रत्येक आवृत्तीबरोबर काय बदललं याची नोंद लिहायची रीत असते, खाली आपलं नाव. मी लिहिलं — 'मदतीच्या पानांतलं शुद्धलेखन सुधारलं.' ती नोंद आजही इंटरनेटवर आहे. कुणीही वाचावी. लपवायला उघड्यासारखी जागा नाही.

आवृत्ती निघायला तीन आठवडे होते. सतरा दिवस गेले.

एमआयडीसीत वास रोजचाच. तो बदलला की मात्र लोक काम थांबवून वर बघतात. त्या दिवशी दुपारी बघितलं. नवा माल जास्त तीव्र आला होता, म्हणून शोभाताईंनी सकाळी टाकायचा वेग निम्म्यावर आणला होता. त्या दुसऱ्या युनिटला गेल्या. ऑपरेटर रघुनाथने शीट छापली — जुने आकडे. रिअ‍ॅक्टर उसळला. रघुनाथचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले आणि एक डोळा गेला.

चौकशी कारखान्यातच झाली. शोभाताई एकच सांगत होत्या, मी आकडे बदलले होते, सेव्ह केले होते. आणि तज्ज्ञ म्हणून कुणाला बोलवावं? त्यांनीच माझं नाव सुचवलं. "आमच्या बेलवलीचा मुलगा आहे. तो सांगेल खरं काय ते."

मी तासभर आधी गेलो. सर्व्हर तपासतो म्हणालो, दार लावून घेतलं आणि नवी आवृत्ती चढवली. कुलूप चालू.

मग मॅनेजरच्या केबिनमध्ये, सगळ्यांसमोर, दोन मशीनवर तीच शीट उघडून दाखवली. दुसऱ्या मशीनवर लगेच इशारा आला. ठळक, मधोमध. मॅनेजर म्हणाले, "म्हणजे असं गुपचूप पुसलं जाणं शक्य नाही?"

"इशारा येतो," मी म्हणालो.

"मला कधी आला नाही," शोभाताई म्हणाल्या.

"मॅडम, घाईत आपण ओके दाबून मोकळे होतो," कुणीतरी समजुतीने म्हणालं. शोभाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. कीबोर्डच्या वायरचा गुंता सोडवत राहिलो. गुंता नव्हता.

महिन्याभरात त्यांची नोकरी गेली. मुख्य चमूत माझं नाव आलं.

हे इथे संपलं असतं तर कदाचित मी लिहिलंही नसतं. त्या माझ्याशी भांडल्या असत्या, संशय घेतला असता, तर मला सोपं गेलं असतं. तसं झालं नाही. काही महिन्यांनी त्या रस्त्यात भेटल्या. म्हणाल्या, "तू आलास तरी त्या दिवशी. बाकी कुणी आलं नाही." आणि मग, "मी खूप आठवून बघते रे. दाबलं असेल ओके. मीच दाबलं असेल."

मी म्हणालो, "जाऊ द्या ताई."

त्या अजून बेलवलीतच राहतात. दर महिन्याला रघुनाथच्या गावी जातात, फळं घेऊन. त्याच्या बायकोने एकदा दारातूनच परत पाठवलं, तरी पुढच्या महिन्यात गेल्या. पुन्हा कुठे केमिस्ट म्हणून गेल्या नाहीत. आकड्यांना हात लावायची भीती वाटते म्हणतात. घराला कुलूप घालून निघाल्या की अर्ध्या वाटेतून परत येतात, ओढून बघतात, पुन्हा निघतात, पुन्हा येतात. मी खिडकीतून बघतो.

त्या दिवशी सकाळी शोभाताईंनी आकडे बदलले होते आणि फाइल सेव्ह केली होती. इशारा आला नव्हता. त्यांनी कुठलंही बटण घाईत दाबलं नव्हतं. मला हे तेव्हाही माहीत होतं.