पोपटीची गाडी

२०२३ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि मला नवी गाडी घ्यायची होती. ज्याला हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं. आमच्या सारसोळ्याच्या नाक्यावर सगळे हसून बसलेत.

गाडी म्हणजे साधी नव्हे. जिथं रस्ता नाही तिथं जाणारी. चार जाड टायर, वर लोखंडी पिंजरा, मागे सामानाचा हौदा. मी चौथी शिकलेला माणूस, पण मला काय पाहिजे ते मला पक्कं माहीत असतं. घरचे याला हट्ट म्हणतात. म्हणोत.

पनवेलच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला आमची थोडी माळजमीन आहे. खाडीकाठच्या खाजणातली भातशेती शहराखाली गेली तेव्हा मी ही जमीन घेतली. हातात माती नसली की मला झोप लागत नाही. डांबरी रस्ता ओढ्यापाशी संपतो. पुढे दगडगोट्यांची चढण, आणि ओढा ओलांडल्याबरोबर दोन काळे खडक. त्यांच्या मधून वाट. जीप तिथं अडते.

थंडीत आमचं सगळं कुटुंब वर जाऊन पोपटी लावतं. वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, कोंबडी, ओवा, जाडं मीठ, हे सगळं भांबुर्ड्याच्या पाल्यात दडपून मडक्यात भरायचं. मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा एक थेंब घालायचा नाही. वाचायला सोपं वाटतं, पण मडकं भरण्यात सगळी मेख आहे. आमच्या घरात ते एकट्या माझ्या बायकोला जमतं. आणि तिचे तर गुडघे गेलेले.

दोन-तीन हिवाळे ती वर आली नव्हती. सुनांनी भरलेलं मडकं एका बाजूनं करपायचं, दुसऱ्या बाजूनं कच्चं राहायचं. आम्ही तिच्यासाठी डबा भरून आणायचो. ती एक शेंग सोलून तोंडात टाकायची आणि डबा बाजूला सारायची. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पोरगे म्हणाले, "आई, खुर्चीत बस, आमी चौघं उचलून नेतो."

ती म्हणाली, "जिती हाय तवर चौघांच्या खांद्यावर नाय जानार."

विषय संपला. मग मी नाक्यावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं, या हिवाळ्यात म्हातारी वर जाणार, आणि माझ्या गाडीतून जाणार. बोलून बसलो. आता गाडी शोधणं भाग होतं.

थोरला पोरगा न्हावा शेव्याला बंदरातली कामं बघतो. त्यानं मोबाईलवर एक गाडी दाखवली. चिखलातून, धोंड्यांवरून अशी चढत होती की मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

"हिला यूटीव्ही म्हनतात, बाबा."

"घरात दोन टीव्ही हायत. नाव कायपन असू दे. मिलते कुटं?"

तुर्भ्याला मिळत होती. मीच फोन लावला. पलीकडून एक बाई बोलल्या, "काका, साइड बाय साइड हवी का?"

"मी कशाला साईडला होऊ? तू हो बाजूला, तुज्या शेठला दे फोन!"

बाई हसतच सुटल्या. "काका, साइड बाय साइड म्हणजे दोन माणसं शेजारी शेजारी बसतात ती गाडी. आणि शेठ मीच आहे."

तरी मी फोन ठेवला नाही.

दुकानात जायच्या आदल्या दिवशी मी डोंगरावर गेलो, त्या दोन खडकांमध्ये बांबू आडवा धरला आणि बरोब्बर तेवढाच कापला. तो बांबू पोराच्या गाडीच्या खिडकीतून बाहेर काढून आम्ही तुर्भ्याला निघालो. बायको मागच्या सीटवर. मी तिला नेणार नव्हतो. ती म्हणाली, "बसनार मी, आनि बघनार तुमी?" मागचं दार मीच उघडून दिलं.

कारखान्यांच्या रांगेत ते दुकान. दारावरचा वॉचमन म्हणाला, "बाबा, बांबू किधर लेके जा रहे?"

"माप हाय," म्हणालो आणि आत शिरलो.

आत शिरलो आणि माझ्या छातीत ढोल वाजायला लागला. नव्या रबराचा वास, आणि समोर मिरचीसारखी लाल गाडी! टायर माझ्या मांडीपर्यंत. फोनवरच्या त्या बाईंनी चालू केली, तर पत्रे थरथरले. सारसोळ्याच्या गल्लीतून ही नेली तर नाक्यावरचे सगळे चहाचे ग्लास हातात धरून उभे राहतील. मला दुसरं काही दिसेचना.

बाईंनी विचारलं, "काका, गाडी शेतीला हवी की मौजेला?"

"पोपटीला."

"मग आधी सांगायचं ना! माझं माहेर रोह्याकडचं. आमच्या मुसलमानांच्या घरीसुद्धा थंडीत दुसरं काही सुचत नाही." मग त्यांनी हळूच सांगितलं, "पण ही रस्त्यावर चालवता येत नाही हं. हिला नंबर मिळत नाही. टेम्पोत घालून जमिनीवर न्यायची आणि तिथंच फिरवायची."

"म्हंजे गावातनं नाय फिरवायची?"

"नाही."

पोरगा म्हणाला, "मग लाल कशाला, बाबा? डोंगरावरच्या बकऱ्यांना दाखवायला?"

मी त्याच्याकडे बघितलं नाही. बांबू गाडीसमोर आडवा धरला. दोन्हीकडे टायर मूठ-मूठभर बाहेर.

"खडक फोडू," मी म्हणालो.

"बाबा, गाडी बदलायची का डोंगर?"

"मूठभर तर फोडायचाय! सुतळी बांधून, खूण करून, छिन्नीनं..."

एवढ्यात भोंगा वाजला. असा की मी बांबू टाकून दिला.

मागे वळून बघतो तर कोपऱ्यात एक मातकट रंगाची गाडी उभी होती. तिच्याकडे मी ढुंकूनही बघितलं नव्हतं. तिच्यात आमची म्हातारी लुगडं सावरून ऐसपैस बसली होती, आणि तिच्या पुढ्यात स्टेअरिंग होतं.

"अवं," ती म्हणाली, "ह्यांनी चाक माज्याकडं दिलाय!"

झालं असं होतं. त्या लाल गाडीत बसायचं तर दांडीवरून पाय टाकावा लागत होता. ही मातकट ठेंगणी, बाजू उघडी, बाकड्यासारखी सपाट सीट, धरायला दांडी. म्हातारीला ती लांबूनच पसंत पडली. जन्मभर ज्या बाजूला बसली त्याच बाजूला, म्हणजे डावीकडे, ती जाऊन बसली. पण गाडी परदेशातली. तिथं ड्रायव्हर डावीकडे बसतो.

"उतर," मी म्हणालो. "ती माजी जागा हाय."

"नाय उतरत. एकदा गुडघा वर घेतलाय, परत खाली घेऊन परत चढनार नाय. तुमी जा पलीकडं."

"तुला चालवता येतं का?"

"तुमाला येतं?"

पोरगा तोंड फिरवून हसत होता. बाई पुढे आल्या. म्हणाल्या, "आजी, हिला क्लच नाही, सारखे गिअर बदलायचे नाहीत. हळू चालायचा गिअर मी टाकून देते. उजव्या पायानं एक दाबलं की पळते, दुसरं दाबलं की थांबते. कुठला गुडघा जास्त दुखतो?"

"डावा."

"मग झालंच."

मी उजवीकडे जाऊन बसलो. दुसरं करणार काय? मागच्या मोकळ्या आवारात गाडी काढली. पहिल्या दाबालाच तिनं अशी उडी मारली की माझी टोपी मागच्या हौद्यात.

"धरून बसा," ती म्हणाली.

मग एक फेरी झाली, दुसरी झाली. लोखंडाच्या पिंपांना तिनं वळसा घातला, वाळूच्या ढिगावर चढली, पलीकडे उतरली. मी ब्रेक, ब्रेक म्हणून ओरडत होतो, पण खोटं कशाला लिहू, मला मजा यायला लागली होती. खाडीत आमची होडी होती तेव्हा मी पुढे उभा राहून जाळं टाकायचो आणि ही मागे बसून वल्हं धरायची. मी हातानं खूण केली की होडी वळायची. नीट आठवलं तर खुणेच्या आधीच वळायची. एवढी वर्षं मी समजत होतो की होडी मी चालवतोय.

गाडी थांबली. तिचं तोंड लाल झालेलं, पदर खांद्यावरून सुटलेला. एवढी खूश मी तिला थोरल्याच्या हळदीनंतर बघितली नव्हती.

"ही घ्या," ती म्हणाली. "ही घेतली तरच मी वर येनार. ती लाल, भोपल्या मिरचीसारकी नको."

"आनि नाक्यावर काय सांगू?"

"सांगा, डायवर ठेवलाय."

मी खाली उतरलो, बांबू उचलला आणि या गाडीसमोर आडवा धरला. टायर आत, शिवाय मूठभर जागा शिल्लक. हौदा मागे कलता करून बघितला, टायरांना लाथा मारून बघितल्या, चिखलात फसली तर ओढायला पुढे दोराचा रहाट होता, तो उलगडून बघितला. बायकोनं पसंत केली म्हणून मी काही आंधळेपणानं घेणार नव्हतो. संध्याकाळपर्यंत ती आवारात फेऱ्या मारत होती आणि मी शेजारी बसून चुका काढत होतो. पुढे पुढे चुका सापडेनाशा झाल्या. नंबर नाही, पासिंग नाही, मग थांबायचं कशाला? व्यवहाराचं पोरानं बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोनं गाडी ओढ्यापाशी उतरवली. मी हौद्यात गवत पसरून मडकी बसवली, शेंगांचं पोतं टाकलं आणि उजवीकडे चढून बसलो. पोरगा पुढे चालत वाट दाखवत होता. पाणी गेलं, खडक गेले, दगडगोटे टायरांखाली कडाकडा बोलले. मी दांडी दोन्ही हातांनी धरली होती. चढण संपेपर्यंत ती सोडली नाही. वर सुना, नातवंडं टाळ्या वाजवत होती. म्हातारीनं गाडी बंद केली आणि सीटवर बसल्या बसल्याच मडकं मांडीवर मागून घेतलं. आत हात घालून बघितला.

"पाला कुटं हाय?" ती माझ्यावर ओरडली. "पाल्याबिगर काय भरू, तुमची टोपी?"

आणि मी भांबुर्डा आणायला बांधाकडे पळत सुटलो.