पट्ट्यांची मुशी

सोलापुरात आमच्या बी.एस्सी.च्या वर्गातल्या निम्म्या मुलींनी समुद्र पाहिलेला नव्हता, पण मुशीच्या डोक्यातल्या नसा सगळ्यांना तोंडपाठ होत्या. मुशी म्हणजे लहान शार्क. रत्नागिरीहून फॉर्मॅलीनच्या डब्यांतून त्या यायच्या आणि आम्ही नाकाला रुमाल बांधून त्या कापायचो.

एकदा डब्यात वेगळीच मुशी निघाली. अंगावर काळपट पट्टे, नाकाशी दोन मिशा, लांबी जेमतेम दीड हात. सरांनी लगेच कपाटातली बरणी काढून दाखवली. तिच्यातही तसलीच मुशी, आणि वर चिठ्ठी, 'वाघ-शार्कचे पिल्लू'. ती चिठ्ठी सरांच्या सरांनी लिहिलेली होती, त्यामुळे प्रश्नच मिटला.

प्रॅक्टिकलला माझी जोडीदारीण मंगळवेढ्याकडची होती, घरी शेळ्यामेंढ्या असलेली. तिनं मुशीचं पोट उघडलं, तर आत चामड्यासारख्या तपकिरी पिशवीत अंडं. ती सरळ म्हणाली, "सर, ही गाभण हाय की! करडाच्या पोटात करडू असतंय व्हय कुटं?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "बरणीवर आहे ते बरोबर आहे," एवढंच म्हणाले. हातच्या कंकणाला आरसा कशाला? पण मी वहीत बरणीवरचंच उतरवून घेतलं. पुढं ग्रंथालयातल्या एका जाडजूड पुस्तकात आम्हां दोघींना चित्रच सापडलं. ती बांबू शार्क होती. समुद्राच्या तळाशी पडून राहणारी, अंडी घालणारी, पुरी वाढली तरी एवढीच होणारी.

जोडीदारणीला पहिला वर्ग हवाच होता. मिळाला तर एम.एस्सी., नाहीतर लग्न, असं वडिलांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. आणि परीक्षेत नेमकी तीच बरणी, चिठ्ठी झाकून, ओळखायला ठेवलेली. बाहेरचे परीक्षक सरांच्या यादीवरून तपासतात, हे आम्हां दोघींनाही ठाऊक होतं. मी मुकाट्यानं 'वाघ-शार्कचे पिल्लू' लिहिलं.

परीक्षा संपल्यावर व्हरांड्यात तिनं विचारलं, "मी खरं ते लिवलं. तू काय लिवलंस?"

"बांबू शार्क," मी म्हणाले.

निकालात मला पहिला वर्ग मिळाला. तिचा अगदी थोडक्यात हुकला. त्या एका उत्तरानंच हुकला असं मी शपथेवर सांगू शकत नाही, पण मला तसंच वाटतं, आणि त्याची लाज अजून वाटते.

हॉस्टेलमधून ट्रंक न्यायला ती आली तेव्हा लग्न ठरलेलं होतं. तिनं माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, "तुजं तरी मानलं की त्यांनी. मला लई बरं वाटलं बग. आपलंच बरोबर हुतं."

मी हो म्हणाले.