गोदावरीचा गाळ

नातीनं कुंड्यांसाठी नदीचा गाळ आणला. ती तो भिजवत होती आणि तिच्या मोबाइलवर कुणी विद्वान सांगत होता, की पुढारलेले देश स्वतःच्या अकलेवर पुढे गेले. ओल्या गाळाचा वास आला आणि मी थेट निजामाच्या राज्यातल्या, गोदाकाठच्या शहागडला पोचले, आत्याच्या सासरी.

आम्ही जाफराबादकडच्या मुरमाड माळावरचे. दर उन्हाळ्यात आई शेतातले दगड वेचायची आणि नांगर फिरला की खालून नवे दगड वर यायचे. एकदा आत्याकडच्या पंगतीत आईनं गव्हाच्या पोळीचा तुकडा मोडला, तेव्हा आत्याची सासू तिच्या फुटलेल्या नखांकडं बघून हसली.

"आमच्याकडं बाया इतक्या राबत न्हाईत. आम्ही अकलेनं शेती करतो."

आईनं तुकडा ताटात परत ठेवला. "मंग या की एकदा आमच्या माळावर. अक्कल संगं घेऊन या. गाळ तेवढा इथंच ठेवा."

माझा अजूनही संताप होतो. दर पुरात गोदावरी त्यांच्या रानात गाळ टाकून जायची, आणि ती माणसं त्याला आपली अक्कल म्हणायची.