हो सर, जळते मी

"एक्सलंट, मृण्मयी!" असं म्हणून बाईंनी हात पुढं केला.

माझं नाव मृण्मयी नाही.

नाव कोटावर होतं. पांढऱ्या लॅबकोटाच्या खिशावर, निळ्या दोऱ्यानं, इंग्रजीत भरलेलं. बाईंनी ते वाचलं. मी हात मिळवला. "थँक यू, मॅडम," म्हणाले.

बाई एका मोठ्या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञ. आमच्या कॉलेजची फिजिक्स लॅब बघायला आल्या होत्या. बी.एस्सी.ची पोरं संशोधन करतात म्हणजे काय करतात, ते बघायला. टेबलावर आमचा प्रयोग लावलेला होता. लेसरचा एक किरण फोडून दोन करायचे, आरशांवरून परत आणून एकत्र मिसळायचे. भिंतीवर लाल वलयं उमटतात. धातूची पट्टी तापवली की ती केसाहूनही कमी वाढते, आणि तेवढ्यानं वलयं सरकतात. ती सरकताना मोजायची. पण कॉलेज पडलं हमरस्त्यावर. बस गेली की टेबल थरथरायचं, वलयं पुसट व्हायची, मोजणं वाया. त्या दिवशी खिडकीखालून बस गेली आणि वलयं जागची हलली नाहीत.

बाईंनी विचारलं, "हे टेबल इतकं स्थिर कुणी केलं?"

"मी केलं, मॅडम."

म्हणून ते एक्सलंट. चुकीच्या नावानं का होईना, मला म्हटलं. खोटं कशाला बोलू? तेवढा वेळ मी मृण्मयी होते आणि मला बरं वाटत होतं. मी चूक सुधारली नाही.

ती सुधारायला खरी मृण्मयी आली. कॅन्टीनमधून, हातात कॉफी घेऊन. "मॅम, मृण्मयी मी! तिनं माझा जुना कोट घातलाय." ती हसली. बाई हसल्या. आमचे सर सगळ्यांत मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "ही आम्हाला सेटअपला मदत करते."

मदत.

बाई तिच्याकडं वळल्या. प्रयोगाबद्दल विचारत राहिल्या. ती सांगत राहिली. किती छान सांगत होती! इंग्रजी तिच्या तोंडात पाण्यासारखं. टेबल मी केलं, हे पुन्हा सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात सर कन्नडमध्ये म्हणाले, "तो पडदा ओढम्मा, उजेड येतोय." मी पडदा ओढायला गेले. परत आले तेव्हा बाई तिला म्हणत होत्या, "उन्हाळ्यात आमच्या लॅबमध्ये ये."

आम्ही चामराजपेटचे. या कानडी मुलखात कधी आलो ते घरात कुणालाच नीट ठाऊक नाही. अप्पा रिक्षांच्या सीटा आणि हूड शिवतात. पुढं दुकान, मागं घर. रेक्झिन चिकटवायच्या सोल्यूशनचा वास आमच्या कपड्यांना, उशांना, सगळ्याला. घरात आम्ही मराठीच बोलतो, पण आमच्या मराठीत अर्धं कन्नड.

मृण्मयी पुण्याची. वडील आयटीत, इथं मारतहळ्ळीला फ्लॅट. पहिल्या वर्षी वर्गात तिला फोनवर मराठी बोलताना ऐकलं आणि मी धावतच गेले. वर्गात माझ्या भाषेचं माणूस! मी बोलले. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अय्या, तुझं मराठी किती क्यूट आहे गं! कन्नडच वाटतं." त्या दिवसापासून मी माझ्या आईच्या भाषेतसुद्धा शब्द निवडून बोलायला लागले.

कोट तिनंच दिला. प्रोजेक्टला आमची दोघींची निवड झाली आणि सर म्हणाले, कोटाशिवाय लॅबमध्ये यायचं नाही. तिनं पिशवीतून जुना काढला. "हा ठेव गं. बाबांनी मला नवीन आणलाय." आईनं नावाचा दोरा उसवायला कात्री घेतली. मी तिचा हात धरला. "राहू दे की." का राहू दे ते तिला सांगितलं नाही. आरशात बघितलं होतं मी. त्या नावाखाली मी वेगळी दिसत होते. ज्याला कुणी पडदा ओढायला सांगणार नाही, असं ते नाव.

एकदा तिच्या घरी गेले होते. तिची आई चांगली बोलली. आडनाव विचारलं, मग वडील काय करतात ते विचारलं, मग म्हणाली, "इतक्या पिढ्या इथं राहून मराठी टिकवलंत हो! कौतुक आहे." संग्रहालयातल्या भांड्याकडं बघावं तसं बघत. पण मला त्याचं काही नाही वाटलं. मला मृण्मयीची खोली दिसली. खोलीला दार होतं. ती आत गेली की दार लावून घ्यायची आणि वाचत बसायची. कुणी हाक मारायचं नाही. गिऱ्हाईक आलं म्हणून कुणी उठवायचं नाही. त्या दाराचा मला इतका हेवा वाटला की घरी येताना बसमध्ये डोळ्यांत पाणी आलं. कपड्यांचा नाही, फोनचा नाही. दाराचा.

ते टेबल स्थिर करायला मला एक अख्खं सत्र लागलं होतं. आधी दुकानातला फोम घातला. थरथर उलट वाढली. मग रबर, मग वाळू. मग लायब्ररीत बसून वाचलं, हिशेब केला, आणि स्कूटरच्या ट्यूबा अर्धवट फुगवून त्यावर कडप्पा ठेवला. हवा किती हवी ते ठरवायला कितीदा तरी सगळं उतरवून पुन्हा चढवलं. तेव्हा मृण्मयी आकडे घ्यायची. ती कामचुकार नव्हती. तिचं काम वेगळं होतं, एवढंच.

बाई येऊन गेल्या आणि थोड्याच दिवसांत इंदिरानगरच्या एका कॉलेजात विद्यार्थ्यांची परिषद ठरली. सरांनी सांगितलं, बोलणार मृण्मयी. मी तिला टेबलाचं समजावून द्यायचं.

कॅन्टीनमध्ये बसलो. "ते ट्यूबचं नीट सांग ना, कुणी विचारलं तर." मी सांगायला लागले. मी अडखळत एक वाक्य बोलायचे, ती तेच इंग्रजीत म्हणून बघायची. माझाच विचार. तिच्या तोंडून माझ्यापेक्षा देखणा. कोट तिचा मी घातला होता, इथपर्यंत ठीक. आता माझं डोकं ती घालून बघत होती.

मी थांबले.

"पुढं सांग ना."

"नाही."

"म्हणजे?"

"सांगणार नाही."

कोट काढून तिच्यासमोर ठेवला आणि तडक सरांकडं गेले. म्हणाले, टेबलाचा भाग मी बोलते. पाच मिनिटं द्या. सर खुर्चीत मागं रेलले. "तुझं इंग्रजी ठाऊक आहे ना तुला? कॉलेजच्या नावाचा प्रश्न आहे. स्वल्प अड्जस्ट माडम्मा." जरा सांभाळून घे बाई. जन्मापासून ऐकलेलं वाक्य. घरमालकाकडून, कंडक्टरकडून, शाळेतल्या बाईंकडून.

"आगल्ल, सर."

नाही जमणार. एवढंच. कन्नडमध्ये दोन शब्द.

सरांचा चेहरा बदलला. "मैत्रिणीवर जळतेस तू."

आजवर हे कुणी म्हटलं असतं तर मी शपथा घेतल्या असत्या. नाही सर, असं कसं सर. त्या दिवशी तोंडून निघून गेलं, "हो सर, जळते मी. पण टेबल मी केलंय."

पाच मिनिटं मिळाली नाहीत. मी परिषदेला आपली आपण गेले, मागच्या ओळीत बसले. मृण्मयी सुरेख बोलली. टेबलाबद्दल एकच वाक्य आलं: कंपन कमी करण्यात आलं. करण्यात आलं! जसं काही ते आपोआप झालं, पाऊस थांबावा तसं.

प्रश्नांची वेळ आली. मी उभी राहिले. माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, "कुणी कमी केलं?"

मृण्मयीनं सरांकडं बघितलं. सरांनी पंख्याकडं. ती म्हणाली, "इट वॉज अ टीम एफर्ट."

"नाही," मी म्हणाले. "ते मी केलं. कसं केलं ते सांगते."

आणि सांगितलं. ट्यूबा, कडप्पा, हवा, फसलेला फोमसुद्धा. क्रियापदं चुकली. मध्ये कन्नड आलं. कुणीतरी हसलं. घंटा वाजली तरी वाक्य पुरं करून मगच बसले. टाळी एकही वाजली नाही.

फाटकाशी मृण्मयीनं मला गाठलं. डोळे भरलेले. "तू मला आधी सांगायचंस ना गं. मी तुझं नाव घेतलं असतं."

"घेतलं असतंस. पण ते घ्यायचं की नाही, हे तू का ठरवायचं?"

तिला ते कळलं नाही. खरंच कळलं नाही, नाटक नव्हतं.

सरांनी मला प्रोजेक्टमधून काढलं. उन्हाळ्यात ती त्या संस्थेत जाणार. मी नाही. आई म्हणते, "त्या पोरीनं तुझं काय वाईट केलं? कोट दिला, घरी नेऊन खाऊ घातलं." बरोबर आहे. तिनं वाईट काहीच केलं नाही. तिला कधी काही वाईट करावंच लागलं नाही. ती नुसती उभी राहिली की माणसं तिच्याकडं वळतात. मला त्याचाच हेवा वाटतो, आजही, ती जिन्यात दिसली तरी. सगळे सांगतात, हेवा वाईट, सोडून दे. सोडणार नाही. हेवा सोडला असता तर मी अजून त्या पडद्याजवळ उभी असते.

इलेक्ट्रॉनिक्सच्या मॅडमांकडं गेले. म्हणाले, जागा द्या, प्रयोग करायचाय. त्यांनी बेसिनजवळचं एक टेबल दिलं. ओलसर आहे, पण दिलं. येत्या वर्षी एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा देईन. नाही लागलं नाव, तर पुन्हा देईन. आणि यापुढं जे काम माझे हात करतील, त्याबद्दल बोलेन मी. इंग्रजी मोडकं तर मोडक्या इंग्रजीत, मराठी क्यूट तर त्याच मराठीत. ऐकायचं असेल त्यानं ऐकावं. नसेल त्यानं उठून जावं.