कंपनीच्या खात्यातलं आयचं नाव

आमच्या शेणवे गावातल्या घराला निर्गुडीचा वास होता. बाबा परसात मोठ्या पातेल्यात सांधेदुखीवरचं तेल उकळायचे आणि बाटलीवर आयचं नाव चिकटवायचे. लग्नात ताटातल्या तांदळावर त्यांनी अंगठीनं जे लिहिलं होतं, तेच नाव. त्यांची हाक पार बांधापलीकडे ऐकू जायची. बायकोला अशी नावानं हाक मारणारे गावात ते एकटेच. बायका त्यावरून आयची थट्टा करायच्या आणि तिला ती आवडायची.

नव्वदच्या दशकात मुरबाडच्या एका औषध कंपनीनं तेलाची कृती आणि नाव, दोन्ही विकत घेतलं. बाबा सही करून घरी आले आणि त्या दिवसापासून आयला नुसतं "अगो" म्हणू लागले.

"नाव आता आपलं नाय. वापरायचं नाय, असं लिहून दिलंय," एवढंच ते म्हणाले.

तेलाच्या बाटलीवर वापरायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ, हे मी सांगून पाहिलं, शाळेतल्या मास्तरांनी सांगून पाहिलं. पण सही केली म्हणजे केली. मला त्यांचा भयंकर राग यायचा. आयला मात्र परसात काम करता करता, कुणी बोलावल्यासारखं एकदम वळून बघायची सवय लागली.

पुढे बीकॉम होऊन मी त्याच कंपनीत हिशेबाला लागले. सकाळच्या एसटीत खिडकीशी बसलं की धुकं, खाचरं, सागाची झाडं अर्धवट झोपेतच मागे जायची आणि वाटायचं, मी आयच्या नावाकडेच निघालेय. ते आता कंपनीच्या अमूर्त मालमत्तेत होतं. इमारतीला, यंत्रांना हात लावता येतो, नावाला नाही. तरी तेही झिजतं असं धरून दर मार्चअखेरीला त्याची किंमत थोडी उतरवायची असते. ते काम माझ्याकडे होतं. पंखा घरघरत असायचा आणि मला वाटायचं, मी पाटीवरची अक्षरं ओल्या बोटानं पुसतेय.

घरी गेले की आय चुलीशी हळूच विचारायची, "अजून किती रायलंय गो?"

"थोडं राहिलंय."

संपलं की नाव परत येईल, असं तिनं धरून ठेवलं होतं. हिशेबात तसं काही होत नाही, पण तिचा चेहरा बघून मला ते सांगवायचं नाही.

मग दुकानांत ट्यूबमधली मलमं आली आणि तेल कुणी विचारेना. नावाची किंमत शून्यावर आली, त्या सुमारास कंपनीनं तेल बंद केलं. नावाची नोंदणीही पुढे चालवायची नाही असं ठरलं. मी साहेबांना म्हटलं, मग ते आम्हाला परत द्या. ते हसले, पण मी हटले नाही. कागदाशिवाय बाबा मानायचे नाहीत हे मला ठाऊक होतं, म्हणून तसं लिहून त्यावर साहेबांची सही घेतली.

संध्याकाळी बाबांनी ओट्यावर बसून तो कागद सावकाश वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. घसा खाकरला. मग त्यांनी आयला हाक मारली, नावानं. आवाज म्हातारा झाला होता, तरी चुलीपर्यंत आला.

आय माझ्या शेजारी उलथनं धरून उभी होती. ती हलली नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली.

"आय, बाबा बोलावतायत."

"आयकलं मी," ती म्हणाली. "मारू दे त्यांना अजून हाका."